तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्रीणच होती ना, मग सोडली का नाही?

मी पुण्यात पेठेत मुलींचं होस्टेल चालवते. मैत्रिणीच्याच जाचाला कंटाळून एखादी मुलगी माझ्याकडे येते, तेव्हा हा प्रश्न मला मुलींच्या आया विचारतात, मामा-काका विचारतात, चौकीतले हवालदारही विचारतात. "मॅडम, ती मैत्रीण काय नवरा होती? पटत नव्हतं तर तोडायची मैत्री."

कशी तोडणार? बाहेरगावाहून आलेल्या मुलीचं सगळं बस्तान त्या मैत्रिणीवर उभं असतं. फ्लॅटचा करार तिच्या नावावर, डिपॉझिट तिच्या हातात दिलेलं, डबा एकत्र, अभ्यासिकेला जायला गाडी तिची. मैत्री तुटली की एका संध्याकाळीत हे सगळं जातं, तेही परीक्षा तोंडावर आलेली असताना. "सोडून दे" म्हणणाऱ्यांनी आधी त्या रात्री तिला झोपायला जागा द्यावी.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी अशीच दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली. मैत्रीण तिचा फोन रोज तपासायची, "आपल्यात कसलं आलंय प्रायव्हेट?" लोकेशन कायम चालू ठेवायचं. दुसऱ्या कुणाशी बोललेलं दिसलं की दोन-दोन दिवस अबोला, मग रात्री गळ्यात पडून रडणं. चारचौघांत हिच्या गावाकडच्या बोलण्याची नक्कल, आणि हिचे डोळे भरले की "गंमत केली गं, किती मनाला लावून घेतेस!" किराणा असो की कॅफेचं बिल, क्यूआर कोड हिच्याच पुढे यायचा. नाही म्हटलं की एकच वाक्य: "तुझ्या घरी सांगू का?" एका मुलाबद्दल हिने विश्वासाने तिला सांगितलं होतं, तेवढं पुरलं.

खोलीत बॅगा ठेवताना फोन वाजत होता. ती मला विचारत होती, "मॅडम, नाही उचलला तर चालेल का?" बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, स्वतःचा फोन न उचलायला परवानगी मागत होती.

आणि हिला डेंग्यू झाला तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती तीच मैत्रीण. ती माया खोटी नव्हती. म्हणून तर पाय निघत नाही. नुसता त्रासच असता तर मुली कधीच निघाल्या असत्या.

कायद्याचंही विचारतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अशा मैत्रीला लागू होत नाही. कॉलेजात शिकत असेल तर मात्र रस्ता आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांत नवाच नव्हे, कुठलाही विद्यार्थी येतो. दुसऱ्याकडून आपला अभ्यास करून घेणं, जबरदस्तीने खर्च करायला लावणं हेही त्यात रॅगिंगच धरलं आहे. वर्गमैत्रिणीविरुद्धही तक्रार करता येते; हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. हे बहुतेक पालकांना ठाऊक नसतं, आणि कॉलेजं आपणहून सांगत नाहीत याचा मला संताप येतो. स्पर्धा परीक्षावाल्या मुलींच्या पाठीशी तर कॉलेजही नसतं. त्यांच्यासाठी पोलीस: बदनामीची धमकी देऊन धाक दाखवणं आणि पैसे काढणं हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत.

माझ्याकडे आलेल्या त्या मुलीला पोलिसांत जायचं नव्हतं. मी आग्रह केला नाही. आधी कॉट दिली, मेसमध्ये नाव घातलं. मग बसून पासवर्ड बदलले, लोकेशन बंद केलं, व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या फोनवर, लॅपटॉपवर उघडं आहे का ते पाहून तिथून काढलं. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले. त्या मुलाबद्दल तिने आईला स्वतःच फोन करून सांगितलं, मैत्रिणीने सांगायच्या आत. आई चिडली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली.

डिपॉझिट अजून अडकलेलं आहे. घरमालक म्हणतो, करार जिच्या नावावर आहे तिच्याशी बोला. त्यासाठी येत्या रविवारी या मुलीचे वडील येणार आहेत, आणि मी त्यांच्यासोबत जाणार आहे.