कोनाड्याचा ठोकळा

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं काही ना काही मागून घेतलं: तुळया, दारं, पितळी कड्या. मी माजघरातले दोन कोनाडे मागितले. म्हणजे त्यांच्या आतली जागा.

डोक्यात ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडचं ‘हाउस’ होतं. पूर्व लंडनच्या ग्रोव्ह रोडवर पाडायला निघालेल्या एका घरात तिनं १९९३ साली आतून जाळी बांधून काँक्रीट फवारलं, मग बाहेरच्या विटा उतरवल्या. खोल्यांमधली हवा तेवढी घट्ट होऊन उभी राहिली. त्याच वर्षी तिला टर्नर हा ब्रिटनमधला कलेचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी १९९४ मध्ये ते काम पाडलंही. त्याआधी साठच्या दशकात अमेरिकन कलाकार ब्रूस नॉमननं आपल्या खुर्चीखालची जागा काँक्रीटमध्ये ओतली होती. मला वाटलं, खुर्ची जमते तर कोनाडा का नाही?

गवंडीमामा म्हणाले, “ताई, कोनाडा बुजवायचाय व्हय?”

डावा कोनाडा फसला. तोंडाला प्लायवूड ठोकलं, काँक्रीटचा माल ओतला, चार दिवसांनी फळी काढली, तर पृष्ठभाग बोटानं खरवडला तरी भुकटी पडत होती. जुना चुन्याचा गिलावा कोरडा ठणठणीत. त्यानं मालातलं पाणीच शोषून घेतलं होतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. भिंतीनं ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. वर कमानीच्या टोकाला हवा अडकून पोकळ राहिली ती वेगळीच. शिवाय माल सहज उतरावा म्हणून मी पाणी सढळ हातानं घातलं होतं. मामा बघत होते, बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “पातळ माल आळशाचा.”

उजव्याला घाई केली नाही. आधी गिलावा पाणी मारून ओला केला, वरचं पाणी सुकल्यावर काँक्रीट चिकटू नये म्हणून शटरिंगचं तेल हलक्या हातानं पुसलं. फळीला वरच्या बाजूला कमानीपेक्षा उंच चोच ठेवली, म्हणजे माल टोकापर्यंत चढेल. २० किलो सिमेंटला ९ लिटर पाणी, मोजून. बारीक खडी घेतली. सळईनं कोचत, फळीवर रबरी हातोडीनं ठोकत थोडं थोडं ओतलं. बुडबुडे चोचीतून वर येत राहिले.

फळी काढल्यावर दर्शनी बाजूला ओलं गोणपाट. काँक्रीट पुरतं पक्कं व्हायला मला २८ दिवस हवे होते, पाडकामवाल्यांनी १२ दिले. भिंत त्यांनी माझ्यासमोर विटेविटेनं उतरवली, तेवढा मान ठेवला.

ठोकळ्याच्या पाठीवर गिलावा करणाऱ्याच्या बोटांचे पन्हळ उमटले होते. खिळ्याचं भोक होतं तिथं काडीएवढा काँक्रीटचा खिळा. आणि कमानीच्या माथ्यावर दिव्याची काजळी, तेलाबरोबर उतरून आलेली. ती मी ठरवली नव्हती. खरं सांगायचं तर या कामात तेवढंच चांगलं आहे.

वजन कागदावर १०७ किलो होतं. चार माणसांनी टेम्पोत चढवलं. आत्यानं काजळीवरून अंगठा फिरवला, मग मागूनपुढून पाहिलं आणि विचारलं, “आणि दिवा कुठं ठेवायचा यात?”