चिखलाचे सहा आठवडे: जर्मनीत मुलांबरोबर वसंत शोधताना

जर्मन हवामान खातं वर्षाचे दहा ऋतू मोजतं, तेही तारखेवर नाही, झाडांवर. हेझल फुलली की पूर्ववसंत, फोर्सिथिया पिवळी झाली की पहिला वसंत, सफरचंद बहरलं की पूर्ण वसंत. आंब्याचा मोहर आणि फुललेला पळस बघून हवा ओळखणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बाहेर न्यायला फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत मजेचा, आणि कपड्यांच्या दृष्टीने सर्वांत त्रासाचा.

भारतातून नुकतीच आलेली घरं मुलाला जाडजूड जॅकेटमध्ये कोंबतात आणि आत सुती बनियन घालतात. चूक तिथेच होते. मूल पळतं, घामेजतं, सुती कापड ओलं राहतं आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि माचहोजे, म्हणजे चिखलात घालायची रबरी विजार. ती गमबुटाच्या बाहेर ठेवून तिचा पट्टा तळव्याखालून अडकवायचा. आत खोचली तर डबक्यातलं पाणी थेट बुटात. बुटात अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. घट्ट बुटात ऊब धरायला हवाच उरत नाही. हातमोजे दोन जोड. लांब मफलर नको, फांदीत अडकतो. हे सगळं बालवस्तूंच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतं. १९९३ साली जर्मनीत फ्लेन्सबुर्गला पहिली सरकारमान्य जंगलशाळा, म्हणजे जंगलातच भरणारी बालवाडी, सुरू झाली. अशा बालवाड्यांत मुलं पावसातही बाहेर असतात. सुट्टी वादळाला, कारण फांद्या पडतात.

पहिला शोध हेझलचा. लोंबते पिवळे तुरे सगळ्यांना दिसतात, ते नर. टिचकी मारली की पिवळी धूळ उडते (परागाची ॲलर्जी असलेल्यांनी लांबूनच). मादीफूल मात्र कळीच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा लाल झुपका असतो. तो शोधायला मूल दहा मिनिटं गप्प बसतं, यापेक्षा जास्त काय हवं? मखमलीसारखी मऊ लव असलेले विलोचे तुरे मात्र तोडू नयेत, मधमाश्यांचं ते पहिलं अन्न.

मार्चमध्ये संध्याकाळी पाऊस आणि पाच अंशांच्या वर तापमान असं जमलं की खडबडीत कातडीचे एर्डक्र्योटे बेडूक तळ्याकडे निघतात. रस्त्यालगत प्लास्टिकचं कुंपण आणि जमिनीत पुरलेल्या बादल्या दिसतील. सकाळी स्वयंसेवक त्यातले बेडूक मोजून रस्ता ओलांडवतात. आधी विचारलं तर मुलांनाही बरोबर घेतात. क्रीम लावलेले किंवा कोरडे हात नकोत, ओल्या हातांनी उचलायचं. एकावर एक बसलेली जोडी सोडवू नका, नर पाठीवर चढूनच जातो. नंतर साबणाने हात धुवा. या बेडकांची अंडी लांब माळांत असतात, तपकिरी बेडकांची गोळ्यांत. घरी आणायची नाहीत, कायद्याने बंदी आहे.

याच दिवसांत रानलसूण उगवतो, बेअरलाउख. प्रत्येक पान जमिनीतून वेगळ्या देठावर येतं आणि मागची बाजू बिनचमकेची असते. दिसायला तशाच पण विषारी मायग्लॉकशनची (लिली ऑफ द व्हॅली) पानं जोडीने एका देठावर, मागून चमकदार. वासावर विसंबू नका: पहिलं पान चुरगाळलं की हातालाच लसणाचा वास लागतो, मग सगळंच लसूण वाटतं.

सात-आठ अंशांपासून गोचिडी जाग्या होतात. घरी आल्यावर कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे बोटं फिरवा. दिसलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, गोंद काही लावू नका. बवेरिया व बाडेन-वुर्टेंबर्ग या दक्षिणेतल्या राज्यांचा बहुतेक भाग गोचिडीच्या मेंदूज्वराचं धोकाक्षेत्र आहे, त्यावर तीन डोसांची लस आहे. गोचिडीच पसरवतात त्या लाइम या दुसऱ्या आजारावर ती उपयोगी नाही. म्हणून चावल्याची जागा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरू लागलं तर मुलांच्या डॉक्टरकडे जा.