तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीचा आवाज गोड आहे, पुढं काय?

परवा मारुती चौकात तुम्ही स्कूटर थांबवलीत. पुढं उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "ताई, हिचा आवाज लई गोड हाय ओ. कार्टूनला आवाज देत्यात, तसलं काम मिळंल का हिला? काय करावं लागतंय?" मागं गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून मी "या की घरी, बोलू" एवढंच म्हणाले. सांगलीत हा प्रश्न मला लग्नात, बँकेत, भाजी घेताना सगळीकडं विचारला जातो. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. आज बसून देते.

आधी ते सांगते जे ऐकून आईवडील हिरमुसतात. गोड आवाज ही या कामातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. माझा आवाज गोड नव्हता. तो घोगरा आणि जाड होता, फोनवर लोक मला माझा भाऊ समजायचे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत बाईंनी मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको." दोन वर्षं मी ओठ हलवले. त्याच आवाजावर पुढं मुंबईत पंचवीस वर्षं माझं घर चाललं, कारण तिथं मुलगे लागतात.

हे जरा नीट सांगते. पडद्यावरच्या लहान मुलाला आवाज द्यायला बहुतेक वेळा बाई असते. खरा मुलगा घेतला तर त्याची शाळा असते, तो दमतो, आणि मालिका तीन-चार वर्षं चालली की तेवढ्यात त्याचा आवाज फुटतो. बाईचा आवाज टिकतो. जपानी डोरेमॉनमधला नोबिता १९७९ पासून २००५ पर्यंत नोरिको ओहारा या बाईंच्या आवाजात बोलला. पलीकडच्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व पुरुष असून स्त्रीभूमिका जगले, आणि मी बाई असून नऊ वर्षांचे खोडकर मुलगे झाले. आमच्या मातीला हे नवीन नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी शिकले कुठं, तर आत्याच्या चुलीपुढं. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी त्यांच्या कपड्यांना हळदीचा वास यायचा. आई लवकर गेली, घर आत्यानं सांभाळलं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. आत्या त्याची पहिल्यापासूनची श्रोती, आणि श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, लागली की तिचा एक खेळ असायचा. भाकरी थापता थापता, मान वर न करता ती विचारायची, "हा बोलतोय तो उभाय का बसलाय?" मी म्हणायची, उभा. ती म्हणायची, "न्हाई. बसलाय, आन पाठ टेकलीया. पोटातनं आवाज यीना त्याचा." मग पुढचं पात्र. ही बाई जेवून बोलतेय का उपाशी? हा खरं बोलतोय का? दाराकडं तोंड करून बोलतोय का भिंतीकडं? पुढं स्टुडिओत लोकांनी मला शिकवलेली प्रत्येक गोष्ट या खेळात आधीच येऊन गेली होती.

त्यानंतर राज्य नाट्य स्पर्धा. भावे नाट्यमंदिरात मी पहिल्यांदा बोलले तेव्हा दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसून नुसता हात वर करायचा, म्हणजे ऐकू आलं नाही. मी ओरडायला लागले. तो धावत पुढं आला आणि म्हणाला, ओरडू नकोस, शेवटचं अक्षर गिळू नकोस. आपल्याकडं वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि तिथवर श्वास संपलेला असतो, म्हणून 'मी जाणार नाही' मधलं 'नाही' प्रेक्षकाला ऐकूच जात नाही आणि अर्थ उलटा होतो. तुमच्या मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा आणि फक्त वाक्यांच्या शेवटाकडं लक्ष द्या.

त्या नाट्यमंदिराला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. कसं केलं, ते कमी लोक सांगतात. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा. पात्रं त्याच्या गाण्यावर अभिनय करायची आणि मधे मधे स्वतःच्या मनानं भाषणं रचायची. गाणारा गळा एकाचा आणि हलणारं अंग दुसऱ्याचं. आवाज आणि चेहरा वेगळे करून पुन्हा जोडायचं काम आपल्या गावात तेव्हापासून चालू आहे. डबिंगला कोणी दुय्यम म्हणालं की मला ते साल आठवतं.

१९९६ साली मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेले, चित्रपटात काम करायला. आवाजाचा विचारही डोक्यात नव्हता. सात-आठ महिन्यांनी एका चित्रपटात नर्सचं काम मिळालं, तीन प्रसंग. चित्रपट लागला तेव्हा मी सांगलीत होते. वडील, आत्या, शेजारची सगळी मंडळी मिळून आम्ही थिएटरात गेलो. माझा चेहरा पडद्यावर आला, मी तोंड उघडलं, आणि दुसरीच बाई बोलली.

कोणी काहीच म्हणालं नाही. आत्यानंच अंधारात माझा हात धरून विचारलं, "ही कोण बोलली गं?"

तेव्हा बहुतेक चित्रपटांत सेटवरचा आवाज नुसता पायलट, म्हणजे कच्चा आधार, म्हणून धरायचे. कॅमेऱ्याची घरघर, जनरेटर, रस्त्यावरची गर्दी, सगळं त्यात मिसळलेलं असायचं. खरा आवाज नंतर डबिंग थिएटरात भरायचे. त्या दिवसांत वडील आजारी होते म्हणून मी गावी आले होते, आणि निर्मात्यांच्या माणसांनी मला न कळवता दुसरा आवाज घेऊन काम उरकलं. मला फार लागलं ते. चेहरा दिला आणि घरच्यांनाच मी ओळखू आले नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मी एकटी गेले. त्या बाईनं काय वाईट केलंय ते शोधायला गेले होते. तिसऱ्या प्रसंगात नर्स मुलाच्या वडिलांना सांगते, "आत या." दोन शब्द. मी सेटवर ते सरळ म्हणून टाकले होते. तिनं त्याआधी एक छोटासा श्वास घेतला होता, अर्धाच, मधे अडकलेला. त्या श्वासात कळत होतं की मूल गेलंय. माझा चेहरा कोरा होता आणि तिच्या श्वासानं तो भरला होता. मी थिएटरात बसून रडले. महिनाभरात डबिंगच्या थिएटरांच्या दारात उभी राहायला लागले.

सुरुवात गर्दीतून होते. आठ-दहा जण माइकभोवती उभे राहून बाजार, लग्न, दंगल करतात, त्याला क्राऊड म्हणतात. दोन वर्षं मी गर्दी होते. मी गेले तेव्हा लूप संपत आले होते. जुनी मंडळी सांगायची, फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून प्रोजेक्टरवर चढवायचे आणि तेच वाक्य पडद्यावर गरगर फिरत राहायचं, जमेपर्यंत. मग संगणक आला आणि एकेक शब्द वेगळा पंच करता, म्हणजे तेवढाच पुन्हा भरता यायला लागला. नव्वदचं दशक संपता संपता कार्टून वाहिन्या हिंदीत बोलायला लागल्या, आणि माझ्या घोगऱ्या आवाजाला पहिला मुलगा मिळाला.

हिंदीनं मला रडवलं. आपल्या 'चमचा' आणि 'जहाज'मधले च, ज हिंदीत नाहीत, तिथं एकच 'चार'मधला च चालतो. आपण 'ज्ञान' म्हणताना द आणतो, ते ग आणतात. आपला 'ऋषी' रु कडं झुकतो, त्यांचा रि कडं. सगळ्यात अवघड 'है' आणि 'और'. आपण ते अइ, अउ असे फोडतो, आणि उत्तरेकडचा माणूस एका उघड्या स्वरात म्हणून मोकळा होतो. सहा महिने मी लोकलमध्ये 'और, और' पुटपुटत जायची. मराठी मात्र मी कधी पुसून टाकली नाही. मराठीत काम करताना गावाकडची बाई हवी असली की 'कुठं', 'तिथं', 'बघा की' मला शोधावं लागत नाही.

त्या नर्सला आवाज देणारी बाई मला तीन-चार वर्षांनी भेटली. अंधेरीच्या एका स्टुडिओत काचेपलीकडं एक वयस्क बाई काम करत होत्या, आणि वाक्याआधी तोच अर्धा श्वास आला. मी बाहेर थांबले, पाया पडले, चित्रपट सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं, शंभरेक नर्स केल्या असतील मी." त्यांना आठवत नव्हतं. मला राग आला नाही. उलट चहा पिताना त्यांनी जे सांगितलं त्यावर मी आजवर काम करते आहे. "ओठ बघू नको. सगळे ओठ बघतात आणि मागं पडतात. गळ्याखालचं हाड बघ. माणूस बोलायच्या आधी ते हलतं. त्यानं श्वास घेतला की तू घे, शब्द आपोआप बसतील."

ओठही बघावे लागतातच, पण एका ठरावीक जागी. प, फ, ब, भ, म. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, शाळेत ज्यांना ओष्ठ्य म्हणतात ती. पडद्यावरचा परदेशी माणूस शेवटी ओठ मिटतो आणि आपलं वाक्य आहे 'इथंच राहा', तर तोंड उघडं राहतं आणि बघणाऱ्याला खुपतं. 'इथंच थांब' केलं की बसतं. हा बदल कधी लेखक करून देतो, कधी माइकसमोर उभं असताना आपल्याला सुचावा लागतो. म्हणून मुलीला शब्द भरपूर यायला हवेत. एकाच अर्थाचे पाच-पाच. ते वाचनातून येतात आणि म्हाताऱ्या माणसांत बसल्यानं येतात.

चित्रपटातली कामंही मी करत राहिले. हवालदारीण, मावशी, सरपंचाची बायको. २००१ च्या 'लगान'नं सेटवरचाच आवाज वापरून मोठा चित्रपट होऊ शकतो हे दाखवलं, आणि हळूहळू मराठीतही तसं व्हायला लागलं. वाईजवळच्या एका गावात आम्ही असाच एक चित्रपट केला. मी ओट्यावर बसून शेंगा फोडत मुलाशी बोलते, एवढाच प्रसंग. मागं खराखुरा कावळा ओरडला, तोही ठेवला. त्या वेळी आत्याची नजर जवळजवळ गेली होती. टीव्हीवर तो चित्रपट लागला तेव्हा ती कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझं वाक्य आलं तशी ती म्हणाली, "ही तूच. खाली बसून बोलतीयास, आन हातात कायतरी काम हाय."

मला मिळालेल्या कौतुकात याच्यावर काही नाही. तिच्या आवाजाच्या दोन कॅसेटी माझ्याकडं होत्या. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यातल्या त्या गेल्या.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. 'कोर्स करा, काम नक्की' म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर देऊ नका. मुंबईला हलण्याची घाई तर अजिबात करू नका, मुलीची शाळा मोडून मिळणारं काम तिला पुरत नाही. पैसे उशिरा येतात, हे धरून चाला. आणि कोणत्याही कागदावर सही करायच्या आधी तो शेवटपर्यंत वाचा, कारण आता यंत्राला आवाज शिकवता येतो. अमेरिकेतल्या नटांनी २०२३ साली संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता. मुलीचा आवाज त्या एका कामापुरता देताय की कायमचा, हे कागदात स्पष्ट लिहून घ्या. यात मी फार कडक आहे, आणि तुम्हीही व्हा.

रविवारी सकाळी दहाला तिला घेऊन या. गाणं बसवून आणू नका, कविताही नको. मी तिला खिडकीपाशी पाठमोरी बसवीन. तुम्ही आतल्या खोलीत जाऊन माझ्याशी पावसापाण्याचं काहीही बोला. मग मी तिला विचारीन, बाबा उभे आहेत का बसलेत?