मामा, गाडी घेऊन राहिले की इंटरव्ह्यू?

आज भाच्यासोबत नागपुरात सदरला इलेक्ट्रिक स्कूटर पाहायला गेलो होतो. सेल्समनचं एकच पालुपद: "एका चार्जमध्ये १२० किलोमीटर, भाऊ!" म्हटलं, आधी दोघं बसून सेमिनरी हिल्सचा चढ चढवून आणतो, मग बोलू. गाडी दमली नाही, पण स्क्रीनवरचे टक्के भराभर उतरले. जाहिरातीतली रेंज चाचणीतली असते. डबलसीट, चढ, वेग आला की तिला कात्री लागतेच.

भाच्याचा जीव मात्र बिनालायसन्सच्या स्वस्त गाडीत अडकलेला. ती सवलत मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच. कोणी "वायर काढून स्पीड वाढवून देतो" म्हणाला, तर तिथून सरळ निघायचं. आणि २५ च्या वेगानं वर्धा रोडवर? मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव काढेल.

आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ च्या वर, गाडी दिवसभर उन्हात. घरी आल्याआल्या प्लग खुपसायचा नाही, बॅटरी निवू द्यायची. म्हणून बॅटरीतले सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे) आहेत का, हे विचारलं. ते जरा जड असतात, पण उष्णता जास्त सोसतात. सेल्समन विचारायला आत गेला, तो चहाच घेऊन आला!

फ्लॅटवाल्यांनो, पार्किंगमध्ये चार्जिंगला पॉइंट मिळतो का, ते बुकिंगच्या आधी सोसायटीला विचारा. आमच्या सेक्रेटरींनी "मीटिंगमध्ये पाहू" म्हटलंय. तोवर जुनी पेट्रोलचीच चालू आहे.