दोन पावसाळ्यांची वाळू

आखेनमध्ये मास्टर्स संपलं तेव्हा माझ्या हातात अठरा महिने होते. जर्मनीत पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणाला साजेशी नोकरी शोधायला तेवढ्या मुदतीचा परवाना मिळतो. पुष्कळ वेळ आहे असं वाटलं होतं. पहिले सात महिने नकारातच गेले. आईचा फोन आला की म्हणायचे, "चाललंय, होईल." फोन ठेवल्यावर मात्र झोप लागायची नाही.

चूक दाखवली ती विद्यापीठातल्या नोकरी-मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी. माझ्या बायोडेटावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "इंजिनिअरिंग झाल्यावर ही दोन वर्षं कुठं होतात?"

ती दोन वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते. पत्र्याच्या शेडमधली, पंचवीस माणसांची फौंड्री, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना. त्या वाळूच्या चाचण्या आणि रिजेक्शनचं, म्हणजे नापास झालेल्या मालाचं, रजिस्टर माझ्याकडं. एवढ्याशा फौंड्रीचं नाव जर्मनीत कुणाला सांगायचं, म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं. ज्या जागेनं मला ओतकाम शिकवलं तीच मी झाकून ठेवली, याचं आजही वाईट वाटतं.

इथं बायोडेटात मोकळी जागा दिसली की प्रश्न येतोच. आणि नुसतं सांगून भागत नाही, कागद लागतो. नोकरी सोडताना मालकाकडून कामाचं लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा इथं कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्याची भाषाही ठरलेली असते. नुसतं ‘आम्ही समाधानी होतो’ लिहिलं असेल तर वाचणारा समजतो की काम जेमतेमच होतं. ‘कायम’ आणि ‘पूर्ण समाधान’ असे शब्द आले तर काम चांगलं. आपल्याकडचं अनुभवपत्र म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामास होत्या, वर्तणूक चांगली, संपलं. मी तर तेही घेतलं नव्हतं.

मालकांना फोन लावला. मागं ग्राइंडरचा आवाज. "काका, पत्र पाहिजे. मी काय काय काम करत होते ते सगळं लिहून."

"तूच लिही की गं. मी सही-शिक्का मारतो."

"तसं नको, तुम्ही सांगा."

जरा थांबून म्हणाले, "पोरीनं दोन पावसाळे वाळू सांभाळली. आणखी काय सांगू?"

ते वाक्य मी इंग्रजी करून जसंच्या तसं पत्रात घेतलं. खाली रोजच्या चाचण्या लिहिल्या: वाळूतला ओलावा, तिच्यातून हवा किती जाते, दाबाला किती टिकते.

पुढच्या महिन्यात जर्मनीतल्याच झाउअरलांड भागातल्या एका फौंड्रीनं मुलाखतीला बोलावलं. समोर पन्नाशीपुढचे प्रोडक्शनचे साहेब. पहिलाच प्रश्न, "पावसाचा आणि वाळूचा काय संबंध?"

मग मी बोलतच सुटले. जुलैत आपल्याकडं हवाच ओली. वाळू ओल धरते. तापलेलं लोखंड साच्यात पडलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि बाहेर जायला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगमध्येच, म्हणजे ओतलेल्या भागातच, अडकते. साहेबांनी टेबलाखालून कापलेला एक तुकडा काढून माझ्यापुढं सरकवला. भोकात बोट घालून बघितलं. आतून गुळगुळीत, चकचकीत. "गॅस," मी म्हटलं. "श्रिंकेज असतं, म्हणजे थंड होताना धातू आकसून भोक पडलं असतं, तर खरखरीत लागलं असतं." माझं जर्मन मोडकंतोडकं होतं, पण मान हलवत ते उठले आणि मला थेट शॉपफ्लोअरवर घेऊन गेले.

दोन आठवड्यांनी करार आला. सहा महिने प्रोबेशन, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही मोकळं होऊ शकतं. नव्या पदवीधराला ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला इथं राहून नोकरी करायचा परवाना, मिळायला २०२४ साली वर्षाला किमान ४१,०४१ युरो ८० सेंट पगार लागायचा. माझा त्याहून थोडा वर होता.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला आज काम करणाऱ्या आणि बाहेर पडायचा विचार असलेल्या पोरापोरींनो, निघण्याआधी लेटरहेडवर पत्र घ्या. नुसता हुद्दा नको. कोणतं मशिन चालवलं, कोणती चाचणी केली, हाताखाली किती माणसं होती, सगळं त्यात येऊ दे. पगाराच्या स्लिपाही जपून ठेवा. फौंड्री लहान आहे म्हणून गाळू नका.

करारावर सही करून आले त्या रात्री मालकांना फोन केला. पगार विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तिकडं पाऊस किती असतोय?"

"वर्षभर थोडाथोडा असतो, काका."

"मग वाळू कशी ठेवत्यात तेवढं बघ, आणि मला सांग."