बाख ६३९: पेडल अखेर सुटं झालं

मंडळी, संगणकावरच्या माझ्या ऑर्गनमधल्या सबबासचा (पेडलचा, म्हणजे पायपट्ट्यांचा, खोल सोळा फुटी पाइपसंच) चिखल गेला! मागच्या नोंदीत म्हटलं होतं की बाखच्या ‘इश रूफ त्सू दिर’चा (सूचीत क्रमांक ६३९) उजवा हात बसलाय, डावाही बऱ्यापैकी वाहतोय, पण पेडलमधले अष्टमांश सूर एकमेकांत कालवले जाताहेत. तेव्हापासून मी त्या एकाच गोष्टीमागे होतो.

‘ऑर्गेलब्यूखलाइन’ या बाखच्या संग्रहात सलग तीनच आवाजांत लिहिलेला हा एकमेव कोरल (चर्चच्या भजनाच्या चालीवरची ऑर्गन-रचना). दडायला जागा नाही. पेडलमध्ये तोच सूर परत परत येतो, आणि ऑर्गनवर जोर देऊन वजन आणता येत नाही. सूर किती धरला आणि पुढच्याआधी किती फट ठेवली, एवढंच आपल्या पायात. ती फट मी ठेवत होतो, मिडी मॉनिटरवर (पट्टी कधी दाबली, कधी सोडली ते दाखवणारी खिडकी) स्वच्छ दिसत होती, हेडफोनमध्ये मात्र नुसता गडगडाट.

शेवटी सेटची (खऱ्या ऑर्गनच्या मुद्रित सुरांचा संच) ओडीएफ, म्हणजे ऑर्गनची मांडणी लिहिलेली, फाइल उघडली. सबबासच्या प्रत्येक पाइपला रिलीज, म्हणजे सूर सोडल्यानंतरच्या नादाचं मुद्रण, एकच, तोही लांब धरलेल्या सुरानंतरचा! खऱ्या चर्चमध्ये आखूड सुराने वास्तू पूर्ण भरत नाही, म्हणून मागचा नादही कमी राहतो. इथे मी अर्धा सेकंद पाय ठेवला तरी शेपूट पूर्ण भरलेल्या चर्चचं. विकत घेतलेल्या वेट सेटमध्ये (ज्यात चर्चचा घुमारा मुद्रणातच असतो) आखूड, मध्यम, लांब असे तीन रिलीज हवेतच. विकणाऱ्याने हे आधी स्पष्ट लिहायला हवं. घेण्यापूर्वी विचारा.

आधी शेपूट कापून पाहिलं. सूर सुटे झाले, पण प्रत्येकानंतर दार आपटल्यासारखं वाटायचं. मग पेडलपुरता ड्राय (बिनघुमाऱ्याचा) सेट घेतला आणि हे सेट वाजवणाऱ्या ग्रँडऑर्ग या सॉफ्टवेअरमध्येच घुमारा चढवणारा कन्व्हॉल्व्हर लावून चर्चचा आयआर (वास्तूच्या घुमाऱ्याचा मुद्रित ठसा) दिला. आता घुमारा सुराच्या लांबीप्रमाणे वाढतो-उतरतो. पहिल्याच ओळीत बास पावलं टाकत चालला, आणि वरचा कोरल त्यावर निवांत टेकला. तेवढी ओळ मी किती तरी वेळ वाजवत बसलो. फुकटच्या ग्रँडऑर्गमध्ये हे सगळं होतं, याचं फार कौतुक वाटतं.

रजिस्ट्रेशन (पाइपसंचांची निवड) सध्या असं: उजवीकडे धारदार मिश्र आवाजाचा सेस्क्विआल्टेरा, ट्रेम्युलंट (सुराला थरथर देणारा) अगदी हलका. डावीकडे एकटा मऊ आवाजाचा आठ फुटी गेडाक्ट. पेडलला सोळा आणि आठ फुटी (सोळा फुटी एक सप्तक खाली बोलतो). डाव्या हाताला फ्लूट जोडू नका, सोळांशाची वीण जाड होते.

पुढचा बेत रेकॉर्डिंगचा होता. पण लिहिता लिहिता सुचतंय, सोळा फुटी काढून पेडल नुसत्या आठ फुटीवर वाजवला तर? मोठा पाइप बोलायला वेळ घेतो, तो उशीरही जाईल. पाया हलका होईल हे खरं, पण एफ मायनरच्या या प्रार्थनेला इतका भार लागतो का? रेकॉर्डिंग थांबवतो. आधी दोन्ही ऐकतो, आणि चाल मिनिटाला चाळीस ठोक्यांच्या आसपासच ठेवतो. ड्राय प्रिन्सिपाल (ऑर्गनचा मूळ, ठळक आवाज) आठ फुटी कुणाकडे चांगला असेल तर सांगा, माझ्या सेटमधला फार नाकात बोलतो.