टर्फ घालताय? आधी खालची माती बघा

पुण्यात टर्फवाले (कृत्रिम गवताची मैदानं बांधणारे) पैसा गवतावर ओततात आणि काटकसर करतात ती मैदानाच्या पायाभरणीत. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती उपसून मुरूम-खडीचे थर रोलरने दाबले नाहीत, तर मैदानाला लाटा येतात. उतार साधारण १ टक्का ठेवा.

फुटबॉलसाठी ५० मिमी पाती घेतलीत, तर पात्यांच्या मध्ये तळाला सिलिका वाळू, वर रबराचे दाणे भरा. पात्यांची टोकं १५-२० मिमी उघडी राहू द्या. गोलसमोरचे दाणे सगळ्यात आधी उडतात, मग पाती आडवी होतात. तिथे दाणे भरत राहा, पात्यांच्या कलाविरुद्ध ब्रश मारा. आणि पावसाळ्यात टर्फच्या पट्ट्यांचे सांधे चिकटवूच नका! ओलीवर गोंद धरत नाही.

हॉकीचं टर्फ निराळंच: पाती आखूड, दाट, आणि सामन्याआधी पाण्याचा फवारा.